निळा दिवा विझत नाही, गरम इंजिन सुरू होत नाही. सेन्सर बदलूनही तेच

विज्ञानबाई (डिचोली)

नमस्कार. गाडी २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक, बाराशे सीसी. रोजचा रस्ता डिचोलीहून अस्नोड्यावरून म्हापसा आणि परत. पावसाळा लागल्यापासून तिने मला छळायचं ठरवलंय.

सकाळी एका चावीत सुरू होते, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण म्हापशाच्या बाजारात गाडी लावून, भाजी-मासळी घेऊन परत आलं की स्टार्टर नुसता फिरत राहतो. अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरला की मग खोकत खोकत उठते, आणि पेट्रोलचा असा भपकारा येतो की शेजारी गाडी लावणारा वळून बघतो. सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवलं तर काजळ. लिटरला सोळा-सतरा देणारी गाडी अकरा-बारावर आली आहे.

हिला तापमानाचा काटा नाही. इंजिन थंड असताना निळा दिवा, फार तापलं तर लाल. पूर्वी निळा दिवा मुळगाव यायच्या आत विझायचा. आता अस्नोडा मागे पडतं, म्हापसा येतं, दिवा आपला निळाच. त्यात पावसाची जोरदार सर आली की इंजिनचा पिवळा दिवा लागतो, रेडिएटरचा पंखा थांबायचं नाव घेत नाही, एसी बंद पडतो. पाऊस उघडला की पंखा आणि एसी ताळ्यावर, पिवळा दिवाही पुढे आपोआप जातो.

गॅरेजात (नाव लिहीत नाही) स्कॅनर लावला, पी०११८ हा कोड आला. ‘मॅडम, कूलंट टेंपरेचर सेन्सर गेला’ (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं तापमान मोजणारा) म्हणून सेन्सर बदलला. त्यानंतर पावसाने उघडीप दिली होती तोवर ठीक चाललं. पाऊस परतला आणि पहिले पाढे पंचावन्न. आता ते म्हणतात थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावरच पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप) बदलू, त्याने नाही झालं तर ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर. ईसीयूचा आकडा ऐकला आणि मी चावी परत मागितली.

मी हायस्कुलात विज्ञान शिकवते. प्रयोगशाळेत मल्टिमीटर आहे, ११० अंशांपर्यंतचा थर्मामीटर आहे, आणि काढलेला जुना सेन्सर मी मागून आणलाय. हाताने करून बघण्यासारखं काही असेल तर सांगा. ‘चांगल्या मेकॅनिकला दाखवा’ हे उत्तर कृपया नको, घोडं तिथेच अडलंय. चवथीच्या खरेदीला चोर्ला घाटातून बेळगावला जायचं आहे, त्याआधी निकाल लागला तर बरं.

पर्वरीकर

निळा दिवा विझत नाही म्हणजे थर्मोस्टॅट उघडाच अडकलाय, दुसरं काही नाही. पाणी सारखं रेडिएटरमधून फिरत राहतं, इंजिन तापतच नाही, म्हणून पेट्रोल जास्त खातं. माझ्या गाडीचं अगदी हेच झालं होतं. थर्मोस्टॅट बदलून टाका आणि बेळगावला जा.

काणकोणचो

नवीन सेन्सर कुठल्या बनावटीचा घातला ते बघा आधी. बाजारात तीनशे रुपयांचे सेन्सर येतात, त्यांचा आकडा पहिल्या दिवसापासून चुकलेला असतो.

तिस्क-उसगाव

बाई, थर्मोस्टॅट बदलू नका. ईसीयूला तर कुणाला हातही लावू देऊ नका.

मी खाणीवरच्या डंपरांचा इलेक्ट्रिशियन. २०१२ ला खाणी बंद पडल्या तेव्हापासून तिस्कावर दुकान आहे, फक्त वायरिंगची कामं करतो. उन्हाळ्यात लाल धूळ आणि पावसाळ्यात लाल चिखल, अशा जागी काम केलं की एक गोष्ट कळते: सेन्सर सहसा मरत नाही, त्याच्याकडे जाणारी वायर मरते. पण शिक्षा सेन्सरलाच, कारण स्कॅनरवर नाव त्याचं येतं.

पर्वरीकर सांगतात ते एरवी खरं आहे. थर्मोस्टॅट उघडा अडकला की इंजिन तापायला वेळ लागतो आणि हायवेला लागलं की तापमान उलट खाली येतं. पण त्याने पी०११८ येणार नाही. तसल्या दोषाला पी०१२८ येतो. पी०११८ चा अर्थ सेन्सरच्या सर्किटचं व्होल्टेज हवं त्याहून वर गेलं, म्हणजे ईसीयूच्या लेखी वायर तुटली. पाणी थंड राहिलं म्हणून वायर तुटत नाही.

सर्किट तुम्हाला दोन मिनिटांत कळेल. सेन्सरच्या आत एक थर्मिस्टर, बाकी पितळ आणि प्लास्टिक. थंड असताना त्याचा रेझिस्टन्स जास्त, तापला की कमी. ईसीयू आपल्या पोटातल्या एका रेझिस्टरमधून ५ व्होल्ट सोडतो, ते एका वायरीने सेन्सरला येतात आणि दुसऱ्या वायरीने ईसीयूच्याच ग्राउंडला परत जातात. मधल्या ठिकाणी किती व्होल्ट उरले ते बघून तो तापमान ठरवतो. वायर सुटली तर पूर्ण ५ व्होल्ट उरतात, आणि ईसीयूच्या तक्त्यात त्याचा अर्थ उणे ४० अंश. दोन वायरी एकमेकींना चिकटल्या तर शून्य व्होल्ट, म्हणजे १२०-१३० च्याही वर, तेव्हा पी०११७ येतो.

उणे ४० वर ईसीयूचाही विश्वास बसत नाही. तो कोड टाकतो, ठरवून ठेवलेला एक आकडा धरून इंजिन चालवतो, आणि खरं तापमान कळत नाही म्हणून पंखा पूर्ण वेळ सोडून ठेवतो. बऱ्याच गाड्यांत एसीही कापतो. पावसात तुमच्याकडे होतं ते हेच. ती त्याची खबरदारी आहे, त्याच्यावर रागावू नका.

मला खटकलं ते दुसरंच. पिवळा दिवा नसतानाही निळा विझत नाही, आणि थंड इंजिन सुरू होतं पण गरम होत नाही. म्हणजे वायर पूर्ण तुटलेली नसतानाही काहीतरी चुकतंय. ते पकडायचं तर आकडे बघावे लागतील. ब्लूटूथचा ओबीडी डोंगल घ्या (गाडीच्या तपासणीच्या सॉकेटमध्ये लावला की ईसीयूचे आकडे मोबाइलवर दाखवतो), ऑनलाइन स्वस्तात मिळतो. मोबाइलवर दोन आकडे लावा, कूलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची सकाळी नुसती चावी ऑन करा, इंजिन सुरू करू नका. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे यायला हवेत. रात्रभरात दोघंही आसपासच्या हवेइतकेच झालेले असतात, वेगळे दिसायला कारणच नाही.

मग सेन्सरचा कनेक्टर काढा. आकडा उणे ४० झाला पाहिजे. (चुकीचा कनेक्टर काढलात तर तो उणे ४० होणार नाही, त्यामुळे ओळख पटवायलाही हीच रीत बरी.) आता कनेक्टरच्या, सेन्सरच्या नव्हे, दोन पिनांमध्ये बारीक तारेचा तुकडा घालून त्या एकमेकींना जोडा. आकडा १२० च्या वर जायला हवा. गेला तर वायर आणि ईसीयू दोन्ही ठीक, दोष सेन्सरचा. नाही गेला तर सेन्सर देवाच्या घरून आणलात तरी फरक पडणार नाही.

जुना सेन्सर घरी पाण्यात उकळून मोजा. बऱ्याच गाड्यांत २० अंशांना अडीच किलोओहमच्या आसपास, ४० ला साधारण ११५०-१२०० ओहम, ६० ला सहाशे, ८० ला तीनशेवीस, उकळत्या पाण्यात एकशे ऐंशी-नव्वद. तुमचा थोडा वेगळा असेल, पण उतार असाच असतो. मध्येच उडी मारता कामा नये.

आणि तोपर्यंत गाडी चालवताना एसी चालू ठेवा. थंडी वाजली तरी. का ते आकडे आल्यावर सांगतो.

पर्वरीकर

एसी चालू ठेवा म्हणता, आणि मायलेज आधीच अकरावर आलंय!

तिस्क-उसगाव

पेट्रोल जळलं तर चालेल, इंजिन उकळून हेड गॅस्केट (इंजिनच्या डोक्याखालचं सील) जळलं तर नाही.

विज्ञानबाई (डिचोली)

डोंगल आला. आकडे घेतले. आधी स्वयंपाकघरातला प्रयोग.

चहाच्या टोपात पाणी, जुना सेन्सर दोऱ्याने असा टांगला की बुडाला टेकणार नाही (बुडाशी पाणी आधी तापतं, आकडा चुकतो), शेजारी थर्मामीटर, आणि सेन्सरच्या दोन पिनांना मल्टिमीटरचे चिमटे. सासूबाई दाराशी येऊन म्हणाल्या, हे काय शिजवतेयस? म्हटलं, सेन्सर. त्या म्हणाल्या, टोप नंतर वेगळा ठेव. नळाचं पाणी २८ अंश, मीटर १८३०. ४० ला ११७०. ६० ला ६००. ८० ला ३२५. उकळी फुटली तेव्हा १८८. प्रत्येक वेळी गॅस बारीक करून पाणी ढवळून मगच वाचलं, आणि पाणी निवताना उलटीकडूनही तेच आकडे आले. म्हणजे ‘गेला’ म्हणून काढून माझ्या हातात दिलेला सेन्सर ठणठणीत आहे. त्याचे पैसे घेतले ते वेगळेच.

आता गाडी. सकाळी चावी ऑन: आत येणारी हवा २७, कूलंट १७. जुलै महिन्यात डिचोलीत सतरा अंश कुणी पाहिले असतील तर हात वर करा. काणकोणकरांचा संशय नव्या सेन्सरवर होता, म्हणून इंजिन थंड असताना त्याचा कनेक्टर काढून तो जागच्या जागी मोजला: १९००. जुन्याच्या आकड्यांशी जुळतोय.

म्हापशाला पोचल्यावर बॉनेट उघडलं. रेडिएटरच्या वरच्या होजला (रबरी नळीला) हात लावून बघितला, ठेवता येईना इतका कडक. मोबाइलवर कूलंट ३८.

कनेक्टर काढल्यावर उणे ४० बरोबर आलं. पिना जोडल्या तर १२० च्या वर जायला हवं होतं ना? माझ्याकडे ४५ वर येऊन थांबलं. तार बदलून बघितली, पिना पुसून बघितल्या, ४५. मग कनेक्टरच्या मागची वायर जरा हलवली तर क्षणभर उणे ४० आणि परत ४५. हे मला समजलं नाही. वायर तुटलेली असेल तर उणे ४० च राहायला हवं, धड असेल तर १२०. हे मधलं काय?

तिस्क-उसगाव

हे मधलं म्हणजेच तुमचं दुखणं.

बाई, स्वयंपाकघरातले आकडे परत काढा. ४५ अंशांना तुमचा सेन्सर किती ओहम दाखवेल? आणि तारेचा तुकडा किती ओहमचा?

विज्ञानबाई (डिचोली)

अरे देवा.

४५ ला हजाराच्या आसपास. तार शून्य. म्हणजे हजार ओहम वायरीतच कुठेतरी बसलेत, सेन्सरच्या सिरीजमध्ये.

थांबा, सगळं मांडते. सकाळी सेन्सर १९००, त्यात हजार मिळवले की २९००, आणि २९०० म्हणजे सोळा-सतरा अंश. माझे १७ हेच! इंजिन ९० अंशांवर असताना सेन्सर २४० चा, त्यात हजार घातले की १२४०, म्हणजे ३८ अंश. माझे ३८ हेच!

म्हणजे तेच हजार ओहम सकाळी फक्त दहा अंशांची चूक करतात, आणि इंजिन तापल्यावर पन्नासाहून जास्त अंशांची. कारण तापल्यावर सेन्सर स्वतः उरतो दोन-अडीचशे ओहमचा, त्याच्यापुढे हजार म्हणजे डोंगर. सकाळी सतरा काय आणि सत्तावीस काय, पेट्रोल थोडंसं जास्त, गाडी तक्रार करत नाही. पण बाजारातून परत येते तेव्हा इंजिन नव्वदचं आणि ईसीयू समजतो अडतीस. तो थंड इंजिनाला द्यावं तसं भरमसाट पेट्रोल ओततो आणि प्लग भिजतात. काजळ, भपकारा, मायलेज, निळा दिवा, सगळं एका हजारात बसलं. पिवळा दिवा मात्र लागत नाही, कारण अडतीस अंश हा काही अशक्य आकडा नाही, ईसीयूला खोटं वाटायचं कारणच नाही.

नववीच्या पेपरात घालते हे.

तिस्क-उसगाव

घाला, पण उत्तरपत्रिका माझ्याकडे तपासायला पाठवू नका.

आता एसीचं सांगतो. ईसीयूला अडतीस दिसत असेल तर तो पंखा लावेल कशाला? पंखा साधारण ९५ च्या पुढे लागतो, आणि तुमचा ईसीयू तिथवर कधी पोचणारच नाही. तुटली तर उणे ४०, तेव्हा खबरदारी म्हणून पंखा तरी फिरतो. पण ही अर्धवट वायर सगळ्यात वाईट. इंजिन उकळत असलं तरी लाल दिवा लागणार नाही, कारण लाल दिवाही त्याच आकड्यावर चालतो. रस्त्याला वारा लागतो म्हणून आतापर्यंत निभावलं. चोर्ला घाटात ट्रकच्या मागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चढलात तर वारा नाही आणि पंखाही नाही. एसी चालू असला की बहुतेक गाड्यांत पंखा त्याच्यासोबत फिरतो, म्हणून ते बोललो. पण हा तात्पुरता इलाज. काम होईपर्यंत घाट नकोच.

आता दोन वायरींपैकी कुठली ते शोधू. इथे बरेच जण फसतात. कनेक्टर काढून पिनांवर मीटर धरलात तर ५ व्होल्ट दाखवेल आणि सगळं ठीक वाटेल. मल्टिमीटरमधून करंट जातच नाही म्हणावा इतका कमी, त्यामुळे हजार ओहमवर काही पडत नाही. मोजायचं ते कनेक्टर जागेवर बसलेला असताना, इंजिन गरम असताना, करंट वाहत असताना. कनेक्टरच्या मागून, वायर जिथे रबरी सीलमधून आत शिरते तिथून बारीक टाचणी अलगद सरकवा, पिनेला टेकेपर्यंत. वायरीच्या अंगात टोचू नका. मीटरची काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल टाचणीला. ग्राउंडच्या पिनेवर जवळजवळ शून्य हवं, पाच-पन्नास मिलिव्होल्ट फार झाले. तिथे व्होल्ट-दीड व्होल्ट दिसला तर ग्राउंडची वायर दोषी. शून्य असेल तर दुसरी.

काणकोणचो

पात्राव, उंदरांनी कुरतडली असणार. आमच्याकडे माडाखाली गाडी लावली की पावसाळ्यात उंदीर बॉनेटमध्येच बिऱ्हाड करतात. मी डांबराच्या गोळ्या टांगून बघितल्या, त्यांना तो वास आवडत असावा.

विज्ञानबाई (डिचोली)

ग्राउंडच्या पिनेवर १.४ व्होल्ट. टाचणी काढून परत घातली, तेच. हा ग्राउंड दुसऱ्या सेन्सरांनाही असेल ना? मग ते कसे शहाणे राहिले?

तिस्क-उसगाव

बरोबर विचारलंत. सेन्सरचा ग्राउंड बऱ्याच गाड्यांत सामाईक असतो, थ्रॉटलचा, मॅनिफोल्ड प्रेशरचा आणि हा, सगळे आत कुठेतरी एका जोडाला मिळतात आणि तिथून एक वायर ईसीयूला जाते. जोडाच्या पलीकडे दोष असता तर सगळ्यांचेच आकडे बिघडले असते, गाडीने धक्के मारले असते. बाकीचे शहाणे आहेत म्हणजे दोष जोडाच्या अलीकडे, तुमच्या कनेक्टरपासून हातभर अंतरात. ईसीयू तर यातून सुटलाच.

बॅटरीचं निगेटिव्ह काढा, इंजिन थंड होऊ द्या, आणि कनेक्टरपासून मागे वायरीवरची टेप सोलत जा. पट्टीने जिथे बांधलीय, जिथे वळलीय, जिथे पाणी साचतं, अशा जागा आधी बघा. उंदराने कुरतडलेलं डोळ्यांना दिसतं. नुसतं न बघता वायर बोटांत धरून थोडी थोडी दुमडत जा. धड वायरीला एक ताठपणा असतो. आत तांबं मेलं असेल तिथे ती सुतळीसारखी मऊ लागते.

विज्ञानबाई (डिचोली)

सापडली.

आमच्या शाळेच्या बसची वायरिंगची कामं करणारा मुलगा रविवारी घरी आला, त्याच्यासोबत टेप सोलली. कनेक्टरपासून वीतभरावर, होजच्या खाली वायरी जिथे वळतात तिथे काळी वायर बोटाला मऊ लागली. बाहेरून काही नाही. चष्मा लावून, टॉर्च धरून बघितलं तेव्हा इन्सुलेशनवर टाचणी टोचल्याएवढं एक भोक. त्याने ब्लेडने तिथे वरचं आवरण उभं चिरलं. आत तांबं नव्हतंच, हिरवी पूड होती, आणि तिच्यात तांब्याचे दोन-तीन काळे पडलेले केस एकमेकांना जेमतेम टेकलेले. ते हिरवं भोकाच्या दोन्ही बाजूंना पेरभर आत गेलं होतं.

हे भोक आलं कुठून? उंदराचा दात असा नसतो.

तिस्क-उसगाव

टेस्ट लॅम्पची सुई. कधीतरी कुणीतरी ग्राउंड शोधायला दिव्याचं टोक वायरीत खुपसलं असणार. अलार्म बसवताना, स्टिरिओ बसवताना हे सर्रास करतात. दिवा लागला की नाही बघायचं आणि पुढे जायचं. आपल्याकडे चार महिने पाऊस आणि बाकीचे आठ महिने खारी दमट हवा, एवढं भोक पुरतं. पाणी एकदा आत शिरलं की तांब्याच्या केसांमधून वातीसारखं चढत जातं. म्हणून म्हणालो वायरीच्या अंगात टोचू नका, मागून टाचणी घाला. शिवाय साधा दिवा सेन्सरच्या वायरीला लावायचाच नसतो. तो मीटरपेक्षा कितीतरी जास्त करंट ओढतो, ईसीयूच्या जिवाशी खेळ.

कोरडं असताना ते दोन-तीन केस टेकत होते म्हणून हजार ओहम, पावसात इंजिन थरथरलं आणि सुटले की उणे ४०. सेन्सर बदलताना वायर हलली, केस जरा बरे टेकले, वर हवा कोरडी, म्हणून गॅरेजवाल्याला वाटलं काम झालं.

दुरुस्ती घाईत करू नका. दोन्ही बाजूंनी लख्ख तांबं दिसेपर्यंत कापत जा, हिरवं जराही ठेवलंत तर पुढच्या पावसाळ्यात परत इथेच लिहाल. तेवढ्याच जाडीची वायर मध्ये घालून सोल्डर, वर आतून गोंद असलेली श्रिंक स्लीव्ह, मग टेप. नुसतं पिळून टेप गुंडाळलेला जोड चालणार नाही. वायर होजला टेकणार नाही अशी बांधा. कनेक्टरच्या पिना सैल झाल्या असतील तर त्याही बघून घ्या, तारा घालून तपासणी केली की त्या रुंदावतात.

मग डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) काढून वास घ्या. इतके दिवस जास्तीचं पेट्रोल गेलंय, ते सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं. वास आला तर ऑइल आणि फिल्टर बदलून टाका. प्लग काढून साफ करा.

विज्ञानबाई (डिचोली)

सोल्डर झालं. आधी पिना जोडून बघितल्या: १३० च्या वर. मग सकाळचे आकडे, हवा २६, कूलंट २६. म्हापशाच्या वाटेवर ८७-८९ च्या मध्ये, निळा दिवा मुळगावच्या अलीकडेच विझला. एसी बंद ठेवून अंगणात उभी करून बघितली, ९६ ला पंखा लागला, ९१ ला थांबला. बाजारातून परत येऊन चावी फिरवली, एका फटक्यात सुरू. कोड पुसून टाकला, नंतर मुसळधार सरीतही परत आला नाही.

ऑइलला पेट्रोलचा वास होता, बदललं. प्लग काळेकुट्ट निघाले. मायलेजचं टाकी संपल्यावर सांगेन.

गॅरेजवाल्याला जुन्या सेन्सरचे आकडे कागदावर लिहून नेऊन दाखवले. तो म्हणाला, मॅडम, कोड सेन्सरचाच होता. मी म्हटलं, कोड सर्किटचा होता, सेन्सर त्या सर्किटात राहतो. तो हसला. पैसे काही परत दिले नाहीत, पण जुना सेन्सर स्पेअर म्हणून डिकीत ठेवा म्हणाला.

पर्वरीकर

थर्मोस्टॅटबद्दल आता मी काही बोलत नाही. पण एक विचारतो. माझ्या गाडीला काटा आहे आणि तो कायम बरोबर मध्यावर असतो. म्हणजे माझा सेन्सर नक्की बरा ना?

तिस्क-उसगाव

काट्यावर जाऊ नका. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत तो मुद्दाम मध्यावर रोखलेला असतो. पाणी साधारण ७५ चं असो की १०५ चं, काटा हलत नाही, नाहीतर गिऱ्हाईक घाबरून दर आठवड्याला गॅरेजात येईल. हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. डोंगल लावून सकाळी दोन आकडे बघा, तेवढं पुरे. गाडी जुनी असेल तर काट्याचा सेन्सर वेगळा आणि ईसीयूचा वेगळा असण्याची शक्यता आहे. एक वायरवाला असेल तो काट्याचा, दोन वायरींचा ईसीयूचा. आणि कूलंटची पातळी बघून घ्या. पाणी कमी असलं की सेन्सर वाफेत उघडा पडतो आणि मग तो बरा असूनही आकडा वेडावाकडा येतो. झाकण इंजिन गार झाल्याशिवाय उघडायचं नाही, हे सांगायला नको.

काणकोणचो

आणि उंदरांचं काय ते कुणी सांगितलंच नाही.

तिस्क-उसगाव

मांजर पाळा.